चाक आणि हब यांच्या मधे

1993 च्या जुलैमध्ये मारुतीने जिप्सी रुंद केली. डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर पुढे आणि मागे 90 मिलिमीटरने वाढलं. पुढचं 1300 झालं, मागचं 1310. बाहेरून बघणाऱ्याला चाकं मडगार्डच्या कडेकडे सरकलेली दिसत, एवढंच. पण ज्यांनी आधीची, 1985 सालापासूनची अरुंद जिप्सी उताराला आडवी चालवली होती, त्यांना तो फरक बसल्या जागी कळला. तेव्हापासून जुन्या जिप्सीवाल्यांच्या मनात एक हिशेब चालू आहे. कंपनीने कारखान्यात जे दिलं, ते आपल्याला लेथवर मिळवता येईल का?

आमची जिप्सी त्या जुन्या, अरुंद गाड्यांपैकी. गगनबावड्याकडे डोंगरउतारावर आमची शेती आहे आणि वडिलांनी ही गाडी त्या शेतासाठीच जुन्यात घेतलेली. तिथला पाऊस असा, की जूनमध्ये वाहून गेलेली वाट दिवाळीपर्यंत धड होत नाही. खालच्या खाचरांकडे जायचं तर काही ठिकाणी गाडी उताराला आडवी घालावीच लागते. वरच्या बाजूची चाकं हलकी होतात, आतल्या माणसाचं अंग नकळत डोंगराकडे झुकतं आणि बोलणं थांबतं. माझा चुलतभाऊ ती गाडी रोज चालवतो. त्याच्यासाठी मी स्पेसरच्या, म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्या मधे घालायच्या रिंगेच्या, विचारात पडले, आणि मग त्या विचारानेच मला धरून ठेवलं.

गाडी कलंडते कधी, याचं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राइतकंच आहे. ट्रॅकच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांतल्या अंतराच्या, निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. जो आकडा येईल तो जितका मोठा, तितकी गाडी पायावर घट्ट. अमेरिकेची रस्तेवाहतूक सुरक्षा संस्था गाड्यांना कलंडण्याबाबतचे तारे देताना 2001 पासून हाच भागाकार वापरते. जिप्सीचं घराणंही या विषयाला नवखं नाही. ती ज्या सुझुकी एसजे घराण्यातली, त्याचीच एक गाडी अमेरिकेत सामुराई नावाने विकली जात होती. 1988 मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या मासिकाने आपल्या चाचण्यांनंतर ती कलंडण्याच्या धोक्यापायी न स्वीकारण्याजोगी ठरवली. सुझुकीने 1996 मध्ये मासिकावर दावा लावला आणि 2004 मध्ये दोघांनी आपसात मिटवलं. त्या चाचण्यांवरून झालेला वाद वाचताना माझ्या मनात आमची खाचराकडची वाट होती. 1300 मधून 90 वजा केले की आमच्या गाडीचा पुढचा ट्रॅक 1210 निघतो. दोन्ही बाजूंना तीस-तीस मिलिमीटर घातले तर 1270. म्हणजे पाच टक्के. कागदावर पाच टक्के थोडे वाटतात. आडव्या उतारावर ते थोडे नसतात.

आमच्याकडच्या ट्रॅक्टरवाल्यांना ट्रॅक समजावून सांगावा लागत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची रिम आणि तिच्या आतली डिस्क उलटसुलट करून बसवली की दोन चाकांतलं अंतर बदलतं. उसाच्या सरी किती अंतरावर आहेत ते बघून चाकं आत घेतात किंवा बाहेर काढतात. पण ट्रॅक्टर बनवणाऱ्याने ही हालचाल आधीच धरलेली असते, अॅक्सल आणि बेअरिंग त्या हिशेबाने जाड दिलेले असतात. मोटारीच्या बाबतीत चाक कुठे असावं हे कारखान्यात एकदाच ठरतं. तिथे मधे काही घालायचं म्हणजे कुणीतरी विचारपूर्वक काढलेल्या नकाशावर आपण पेन्सिल चालवतो. ही जाणीव सुटली की स्पेसर हा नुसता शोभेचा खेळ होतो.

आणि तो तसा होतोच. शहरात स्पेसर लावणारे पुष्कळजण केवळ चाक मडगार्डच्या बाहेर यावं म्हणून लावतात. त्यासाठी बाजारात जे मिळतं त्यातलं काही चांगलं असतं आणि काही असं असतं की ते हातात घेतल्यावर मला भीती वाटते: ओतीव अॅल्युमिनियमची रिंग, वर चकचकीत रंग, आणि एकच माप चार-पाच गाड्यांना चालावं म्हणून भोकं लांबट केलेली. लांबट भोकात स्टड, म्हणजे ज्यावर नट चढतो तो हबवरचा आट्यांचा दांडा, कुठेही बसू शकतो. मग चाक मधोमध आहे हे सांगणार कोण?

कंपनीने 90 मिलिमीटर वाढवले तेव्हा अॅक्सलच लांब केलं. चाकाच्या आणि बेअरिंगच्या नात्याला धक्का लागला नाही. दोघे मिळून बाहेर सरकले. स्पेसर तसं करत नाही. तो बेअरिंग जागेवर ठेवून फक्त चाक बाहेर नेतो. जमिनीतून वर येणारा जोर पूर्वी ज्या रेषेत येत होता त्याच्यापासून तीस मिलिमीटर दूर येऊ लागतो आणि बाहेरच्या बेअरिंगवरचा भार वाढतो. पुढच्या चाकांना आणखी एक गोष्ट घडते. स्टिअरिंग फिरवताना चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं, ती रेषा जमिनीला जिथे टेकते, तिथून टायरचा मध्य लांब जातो. एका चाकाखाली दगड आला की स्टिअरिंग हातात हिसका देतं. म्हणून कंपनीचे पुरे 90 मिळवायचा मोह मी सोडला. बाजूला 45 मिलिमीटरचा स्पेसर करता येतो, लोक करतातही. मी तीसवर थांबले, आणि त्यातही बेअरिंग लवकर बदलावे लागतील हे धरूनच.

स्पेसर दोन जातीचे. पहिली जात पातळ चकतीची, तीन ते पाच मिलिमीटरची. ती हबच्या मूळ स्टडवर नुसती सरकवायची, वर चाक ठेवायचं आणि नट आवळायचे. चकती जितकी जाड, तितके नटाच्या वाट्याला आटे कमी. नटात निदान स्टडच्या व्यासाइतकी लांबी आट्यांची शिरली पाहिजे असा साधा नियम आहे. 12 मिलिमीटरच्या स्टडला सव्वा मिलिमीटरचा पिच (दोन आट्यांतलं अंतर) असेल तर नटाने साडेनऊ फेरे तरी घेतले पाहिजेत. हाताने नट फिरवत फेरे मोजायचे. सहा-सात फेऱ्यांतच तो थांबला तर ती चकती काढून ठेवायची, मग गाडी कितीही देखणी दिसो. दुसरी जात जाड स्पेसरची. तो आधी हबच्या स्टडवर स्वतःच्या नटांनी आवळला जातो आणि त्याच्या अंगात दाबून बसवलेल्या नव्या स्टडवर चाक बसतं. तीस मिलिमीटरला हाच प्रकार हवा. इथे जाडी आपल्या मर्जीवरही नसते. आतले नट स्पेसरच्या अंगात बुडाले पाहिजेत, हबच्या स्टडचं टोक बाहेरच्या तोंडाच्या वर डोकावता कामा नये, आणि नटाखाली पुरेसं जाड अंग उरलं पाहिजे. या अटी मांडल्या की पंचवीसच्या खाली सहसा जाताच येत नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी ज्या लेथवर गेले तिथला मिस्त्री वयाने वडिलांच्या आसपासचा. माझा कागद त्याने उलटसुलट पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “चाक कशावर उभं असतंय, सांगा बघू?” मी स्टडवर म्हणाले. तो म्हणाला, “नाही ताई. चाक स्टडवर लोंबत नसतंय. दाबून धरलेलं असतंय.”

स्पेसर करायला निघालेल्या प्रत्येकाने हे वाक्य आधी पचवावं. घरी येऊन मी गणित मांडलं. 12 मिलिमीटरच्या स्टडवरचा नट 90 न्यूटन-मीटरने आवळला, तर टॉर्कमधला बराचसा भाग घर्षणात जाऊनही स्टडमध्ये साधारण 37,500 न्यूटनचा ताण उरतो. म्हणजे पावणेचार टनांच्या थोडं वर. पाच नटांचे मिळून जवळजवळ एकोणीस टन. गाडीचं सगळं वजन एक टनाच्या आसपास आणि तिचं एकेक चाक हबवर एकोणीस टनांनी दाबलेलं! एवढ्या दाबाखाली दोन सपाट तोंडांमध्ये जे घर्षण तयार होतं ते ब्रेकचा, खड्ड्याचा, वळणाचा जोर पेलतं. स्टडवर आडवा घाव पडतच नाही, पडू द्यायचा नसतो. ज्या दिवशी तोंडं एकमेकांवरून केसभर सरकायला लागतात त्या दिवसापासून स्टड वाकू-सरळ होऊ लागतात आणि काही काळाने तुटतात. तुटलेला स्टड बघून लोक स्टडला दोष देतात. दोष बहुतेक वेळा दाबाचा असतो.

आता स्पेसर घातला की दाबाची तोंडं एकाची दोन होतात: हब आणि स्पेसर, स्पेसर आणि चाक. दोन्ही तोंडं सपाट हवीत, एकमेकांना समांतर हवीत आणि कोरडी, स्वच्छ हवीत. रंग नको, पावडर कोटिंग नको, हबवरच्या गंजाचे पापुद्रे नकोत. रंगाचा थर दाबाखाली हळूहळू चेपतो. तो चेपला की स्टडचा ताण उतरतो. स्पेसर रंगवून सुंदर करणाऱ्यांना मी हात जोडून सांगेन: कडेला हवा तेवढा रंग द्या, तोंडाला धातू उघडा ठेवा.

कोल्हापूरसारख्या गावात पहिला मोह ओतकामाचा होतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, जिकडे जावं तिकडे फाउंड्री; मोटारींचे किती भाग इथल्या भट्ट्यांतून ओतले जातात. पॅटर्न करायचा, साच्यात धातू ओतायचा, वरून एक फेसिंग मारायचं की चार रिंगा तयार. स्वस्तही पडतं. पण ओतलेल्या अंगात वायूची पोकळी राहिली तर ती डोळ्यांना दिसत नाही, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात स्पेसरचं अंग एकदा ताणलं जातं, एकदा दाबलं जातं. तडा अशाच पोकळीपासून निघतो. मोठ्या फाउंड्र्या आपले महत्त्वाचे भाग क्ष-किरणांखाली तपासतात. गल्लीतल्या चार रिंगांसाठी ते कोण करणार? म्हणून माल घ्यायचा तो दाबून घडवलेला, जाड गोल बारमधून कापलेला. 6061 जातीचं अॅल्युमिनियम, टी6 उष्णताप्रक्रिया केलेलं. त्याची सोसण्याची हद्द साध्या माइल्ड स्टीलच्या तोडीची असते, वजन मात्र जवळजवळ एक तृतीयांश. बाहेरचा व्यास 175, आतलं भोक 108 आणि जाडी 30 धरली तर अॅल्युमिनियमची रिंग सव्वा किलोच्या आत बसते. पोलादाची साडेतीन किलो भरते. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, प्रत्येक दगडावर उसळणारं. तिथला एकेक किलो शॉकअॅब्सॉर्बरला मोजावा लागतो.

स्टड मात्र लेथवर करायचे नाहीत. या बाबतीत मी कुणाचंही ऐकणार नाही. 10.9 दर्जाचा, आटे कापून न काढता लाटून काढलेला, डोक्याखाली दातेरी गळ्याचा तयार स्टड विकत मिळतो. लाटलेल्या आट्यात धातूचे तंतू अखंड राहतात, कापलेल्या आट्यात ते तुटतात, आणि स्टड थकतो तो आट्याच्या मुळाशीच. तो मागच्या बाजूने दाबून बसवायचा, म्हणजे कितीही ओढलं तरी डोकं त्याला बाहेर येऊ देत नाही. आणि ते डोकं मागच्या तोंडाच्या आत बुडवायचं, नाहीतर स्पेसर हबवर टेकणारच नाही.

उद्यमनगरबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सकाळी शटर उघडली की त्या गल्ल्यांत कापणाऱ्या तेलाचा वास भरतो आणि दारात निळसर कीस साचायला लागतो. या शहराला यंत्राची भीती कधी वाटली नाही. विलायती कॅमेरा हातात यायची वाट न बघता 1918 च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी इथेच स्वतःचा सिनेमा-कॅमेरा घडवला. शेतीच्या पाण्यासाठी ऑइल इंजिनं लागली तेव्हा तीही इथल्या लहान कारखान्यांतून निघाली. तिकडे पलूसजवळ लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये माळरानावर वसाहत उभारून लोखंडी नांगर ओतले. पुढे त्याच घराण्याच्या हरिहरच्या कारखान्यातले लेथ दक्षिण महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांत पोचले. मी ज्या लेथसमोर उभी होते तोही हरिहरचाच, रंग उडालेला, पण चक फिरायला लागलं की आवाज एकसारखा. माझ्या मते जे आहे ते मोजायचं आणि जे नाही ते घडवायचं, ही सवय म्हणजे आमच्या भागाची खरी श्रीमंती आहे. ती हळूहळू ओसरते आहे याचं मला वाईट वाटतं. मिस्त्रीच्या शेजारचे दोन गाळे आता तयार माल ठेवायची गोदामं झाले आहेत.

मोजणी हे स्पेसरचं अर्धं काम. पाच स्टड ज्या वर्तुळावर उभे असतात त्याचा व्यास, म्हणजे पीसीडी, सरळ मोजता येत नाही, कारण पाचांत एकासमोर दुसरा स्टड नसतो. मग शेजारच्या दोन स्टडच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर व्हर्नियरने घ्यायचं, त्यातून एका स्टडचा व्यास वजा करायचा. आमच्या गाडीवर हे अंतर 82 मिलिमीटरच्या किंचित वर आलं. त्याला 0.588 ने भागलं की 139.7 मिळतात. साडेपाच इंच. हे माप आमच्या जिप्सीचं, तेच जुन्या विलिस जीपचं आणि तिच्या वंशातल्या महिंद्रांच्या कित्येक गाड्यांचं. जीपबद्दल एक सावधगिरी सांगून ठेवते: जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असतात, म्हणजे चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नये. तिथे स्पेसर करणाऱ्याने एक बाजू पाहून दुसरी गृहीत धरली तर नट फिरवता फिरवता स्टडच पिळवटेल.

बार चकमध्ये धरला, पहिलं तोंड फेसिंग मारून सपाट केलं, आतलं भोक बोअर केलं. हबच्या गोल ओठावर ते सरकून बसावं पण डगडगू नये, इतकंच मोकळं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत. मिस्त्री शेवटचा हात घेताना प्रत्येक वेळी लेथ थांबवून खुद्द हब आत घालून बघत होता. गाडीचा एक हबच आम्ही काढून नेला होता, मापांच्या कागदापेक्षा त्याला तो जास्त पटला. बाहेरच्या बाजूला हबसारखाच ओठ ठेवला, म्हणजे चाकाला मधोमध बसायला तीच ओळखीची जागा मिळते. काही गाड्यांत हबचा ओठ चाकाला मधोमध आणतो, काहींत नटांचे शंकू आणतात. गाडीगणिक बघावं लागतं. ओठ ठेवल्याने नुकसान काही नाही.

मग ती गोष्ट, जी हौशी माणसाकडून सुटते. हबचा ओठ जिथे सपाट तोंडाला मिळतो तिथे काटकोन नसतो, छोटी गोलाई असते. ताकदीसाठी मुद्दाम ठेवलेली. स्पेसरच्या भोकाची कड धारदार राहिली तर ती त्या गोलाईवर अडकते आणि स्पेसर तोंडावर टेकल्यासारखा वाटतो, टेकत नाही. नट आवळले की आवळल्याचा भास होतो. थोडी गाडी चालली की कड दबते आणि सगळेच नट एकदम सैल. मिस्त्रीने न विचारता कडेला दोन मिलिमीटरचा चॅम्फर मारला, म्हणजे कड तिरकी छाटली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “कडेला जागा सोडायची ओ. कोपऱ्यात कुणी कुणावर चढायचं नाही.”

रिंग उलटी करून दुसरं तोंड मारताना खरी कसोटी. चकच्या कडक जॉमध्ये धरलेली रिंग थोडी जरी तिरकी बसली तरी दोन तोंडं समांतर राहत नाहीत, आणि मग चाक फिरताना डुलतं. स्टिअरिंगला कंप येतो आणि माणूस बॅलन्सिंगवाल्याकडे खेपा घालत राहतो. त्यासाठी मऊ जॉ आधी जागेवरच कापून घेतले, रिंग त्यांत टेकवली, डायल गेजची सुई लावून हाताने चक फिरवलं. सुई दोन शतांश मिलिमीटरच्या आत राहिली. मिस्त्री तिच्याकडे बघत काही बोलला नाही, फक्त लेथ चालू केला.

दहा भोकांसाठी डिव्हायडिंग हेड वापरलं. पाच भोकं हबच्या स्टडसाठी, त्यांच्या बरोबर मधे पाच नव्या स्टडसाठी. सगळी 36 अंशांवर. हेडचं गिअर चाळीसास एक असल्याने दर भोकाला हँडलचे पुरे चार फेरे, अपूर्णांकाची कटकट नाही. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांत 43 मिलिमीटर येतात. एका बाजूला नट बुडवायचा गाळा आणि दुसऱ्या बाजूला स्टडचं डोकं वजा केलं तरी मधे भरपूर धातू उरतो. चार भोकांच्या लहान गाड्यांत ही श्रीमंती नसते, तिथे भिंती पातळ होतात. पुढच्या हबचा मधला भाग चाकातून बाहेर येतो, म्हणून रिंग मधून आरपार मोकळीच हवी. मागच्यालाही तीच ठेवली, म्हणजे चारही स्पेसर कुठेही बसतात.

बसवण्याच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ साफसफाईला गेला, आणि तो तसाच जायला हवा. हबचं तोंड तारेच्या ब्रशने घासून उघडं केलं. अॅल्युमिनियम आणि लोखंड ओल्यात एकत्र राहिले की गंजाने एकमेकांना असे धरतात की पुढे हातोडीने सुद्धा सुटत नाहीत. गगनबावड्याच्या पावसात तर हमखास. म्हणून ओठावर, फक्त ओठावर, ग्रीसचा पुसट हात फिरवला. तोंडावर नाही, आट्यांवर तर मुळीच नाही. आट्याला तेल लागलं की त्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. आतले नट एकाआड एक, चांदणी काढतात त्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळले. मग चाक, मग बाहेरचे नट. चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून टायर मडगार्डला आणि ब्रेकच्या नळीला कुठे घासतो का ते पाहिलं. सस्पेन्शन दाबलं गेल्यावरही पाहिलं. जागा उरली होती.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेपासून वेगळा बदल करू देत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. जर्मनीत टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासणी करून स्पेसरची रीतसर नोंद घेता येते. कोणत्या गाडीला, किती जाडीचा, कोणत्या टायरसोबत, हे कागदावर असतं. आपल्याकडेही अशी वाट असावी असं मला मनापासून वाटतं. जे उत्तम बनवू शकतात त्यांना तपासून घ्यायला जागा मिळेल आणि ओतीव रिंगा विकणाऱ्यांना लपायला जागा उरणार नाही. तोवर कायदा आहे तसा पाळायचा. आमची जिप्सी शेताच्या हद्दीतच फिरते. तिला रस्त्यावर काढायची वेळ आली तर आधी स्पेसर निघतात, मूळ नटांवर चाकं बसतात आणि मगच ती फाटक ओलांडते.

खाचराकडच्या आडव्या उतारावर आता गाडी वेगळी वागते. चुलतभाऊ म्हणतो की वरचं चाक आता हलकं लागत नाही. दगडावरून जाताना स्टिअरिंग पूर्वीपेक्षा जास्त झटकतं, हेही तोच सांगतो, आणि अंगठे स्टिअरिंगच्या आत न गुंतवता बाहेर ठेवायची सवय त्याने लावून घेतली आहे. माझा निकाल विचाराल तर: उताराच्या शेतावर, सावकाश चालणाऱ्या गाडीला, तीस मिलिमीटरपर्यंत, नीट केलेला स्पेसर सार्थ आहे. हायवेवर शंभरच्या वेगाने पळणाऱ्या गाडीला केवळ रुबाबासाठी मी तो लावणार नाही आणि लावूही देणार नाही.

तुम्ही कुणी करायला निघालात, तर माल कुठला आणि स्टड कुठल्या दर्जाचे हे कागदावर लिहून ठेवा. गाडी पहिले शंभर किलोमीटर चालल्यावर चाकं उतरवा आणि आतले नट पुन्हा टॉर्कला आवळा. बाहेरून ते दिसत नाहीत म्हणून विसरले जातात, आणि नवी तोंडं एकमेकांत मुरताना थोडा ताण उतरतोच. पुढेही दर सर्व्हिसिंगला ते काम टाळू नका. पंक्चरवाल्याला चाक काढण्याआधीच सांगा की मागे आणखी पाच नट आहेत. आणि कधी गाडी विकलीत, तर किल्ली हातात देण्याआधी नव्या मालकासमोर एक चाक उतरवून स्पेसर दाखवा, नाहीतर चारही काढून घ्या.